बाहुली मोठी करून केलेली तपासणी: नेहमीचे नेत्रविकार वेळेत ओळखणे आणि सांभाळणे

अक्षरे पुसट दिसू लागली की आपण चष्म्याच्या दुकानात जातो, समोरच्या फलकावरच्या ओळी वाचून दाखवतो, नवा नंबर घेतो आणि डोळे तपासून आलो असे घरी सांगतो. त्या तपासणीत प्रकाशाचे किरण डोळ्याच्या पडद्यावर नीट एकवटतात की नाही, एवढेच कळते. डोळ्याच्या आतला दाब, पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस यांपैकी काहीच त्यात पाहिलेले नसते. काचबिंदू, म्हणजे दृष्टीची नस हळूहळू निकामी होण्याचा आजार, असलेला माणूस फलकावरची सर्वांत खालची ओळ सहज वाचू शकतो, कारण हा आजार बहुधा आधी बाजूची नजर घालवतो आणि मधली नजर शेवटच्या टप्प्यापर्यंत राखतो. मधुमेहामुळे पडद्यावर रक्ताचे ठिपके पडलेले असले आणि ते मध्यबिंदूपासून दूर असले, तर नजर ६/६ म्हणजे पूर्ण भरते. नजर कायमची हिरावणाऱ्या आजारांपैकी जे सर्वांत घातक आहेत, ते सुरुवातीला दुखत नाहीत आणि धूसरही दाखवत नाहीत. म्हणून तक्रार नसताना ठरलेल्या काळाने केलेली, बाहुली मोठी करून पडदा पाहिलेली तपासणी हाच त्यांना वेळेत गाठण्याचा मार्ग आहे, आणि तो कसा चालावा हे इथे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: घरातल्या प्रत्येकाची वेळ ठरवणे

कोणतीही तक्रार, मधुमेह किंवा घराण्यात काचबिंदू नसलेल्या माणसाने चाळिशी लागताच एकदा संपूर्ण तपासणी करून घ्यावी. जवळचे वाचायला चष्मा लागण्याचे हेच वय असल्यामुळे दुकानाऐवजी नेत्रतज्ज्ञांकडे जाण्याचे निमित्त आपोआप मिळते. त्यानंतर साठीपर्यंत दर दोन वर्षांनी आणि साठीनंतर दरवर्षी, असा साधा नियम पुरतो.

पुढील लोकांना हा नियम लागू नाही, त्यांचे वेळापत्रक अधिक कडक हवे. टाइप २ मधुमेहाचे निदान ज्या आठवड्यात होते त्याच सुमारास पहिली नेत्रतपासणी व्हायला हवी, कारण रक्तातली साखर त्याआधी कित्येक वर्षे नकळत वाढलेली असू शकते. टाइप १ मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करावी. दोन्हींत पुढे वर्षातून किमान एकदा तपासणी हवीच. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले, तर पहिल्या तिमाहीतच पडदा तपासून घ्यावा, कारण गरोदरपणात पडद्याचा आजार झपाट्याने वाढू शकतो. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणालाही काचबिंदू असेल, तर त्या घरातल्या इतरांना तो होण्याचा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो, म्हणून त्यांनी चाळिशीची वाट न पाहता तपासणी सुरू करावी. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी दरवर्षी पडदा पाहून घ्यावा, कारण लांबट झालेल्या डोळ्यात पडदा ताणून पातळ होतो आणि त्याला छिद्र पडण्याची शक्यता वाढते.

औषधांचाही विचार करावा लागतो. सांधेवातासाठी किंवा ल्युपससाठी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी औषध सुरू झाल्यापासून वर्षभरात पडद्याची पहिली नोंद करून ठेवावी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून लवकर. क्षयरोगाच्या उपचारातील इथॅम्बुटॉल या औषधाने क्वचित दृष्टीच्या नसेला इजा होते. ते घेत असताना रंग फिके वाटू लागले किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, मात्र मनानेच गोळ्या बंद करू नयेत. स्टेरॉइड तोंडाने, फवाऱ्याने किंवा मलमातून दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये मोतीबिंदू आणि डोळ्याचा वाढलेला दाब हे दोन्ही दिसतात.

दुसरी पायरी: घरी, एक डोळा झाकून

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात महिन्यातून एकदा घरच्या घरी एक गोष्ट करता येते, ती म्हणजे एकेका डोळ्याने पाहणे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव इतकी बेमालूम भरून काढतो की एका डोळ्याची नजर जवळपास गेली तरी महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. पुष्कळदा मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार कळतो तो चांगल्या डोळ्यात कचरा गेल्यावर, तो चोळताना.

नेहमीचा चष्मा लावून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून तीन मीटर अंतरावर बसावे. उजव्या हाताचा तळवा उजव्या डोळ्यावर ठेवावा, पण डोळा दाबू नये, कारण दाबलेला डोळा काही क्षण धूसरच दिसतो. डाव्या डोळ्याने तारखेचे मोठे आकडे वाचावेत, मग हात बदलून दुसऱ्या डोळ्याने तेच आकडे वाचावेत आणि दोन्हींत फरक वाटतो का ते पाहावे. नंतर वाचण्याचा चष्मा लावून मुलांच्या गणिताच्या चौकोनी वहीचे कोरे पान हातात घ्यावे, मधोमध पेनाने एक ठळक ठिपका काढावा आणि पान सुमारे ३० ते ३५ सेंटिमीटर अंतरावर धरून एकेका डोळ्याने फक्त त्या ठिपक्याकडे पाहावे. भोवतालच्या रेघा वाकड्या, तुटक किंवा मधेच नाहीशा झालेल्या दिसल्या, तर पडद्याच्या मध्यबिंदूला सूज आली असण्याची किंवा तिथे नवी रक्तवाहिनी वाढली असण्याची शक्यता असते, आणि मग तपासणीसाठी पुढच्या महिन्याची वेळ घेऊन चालत नाही. त्या आठवड्यातच जावे.

या घरगुती चाचणीने काचबिंदू कळत नाही. तिच्या भरवशावर वार्षिक तपासणी कधीही पुढे ढकलू नये.

तिसरी पायरी: जाण्याची तयारी

तपासणीला जाताना जुने आणि नवे असे सर्व चष्मे, मागील तपासण्यांचे कागद, सध्या चालू असलेल्या गोळ्यांची आणि थेंबांची यादी, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर अलीकडचे अहवाल सोबत घ्यावेत. थेंबांच्या बाटल्याच पिशवीत टाकून नेणे उत्तम, कारण नाव सांगताना घोटाळा होतो. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन ही गोळी घेत असल्यास ते आवर्जून सांगावे. या गोळीमुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुली नीट मोठी राहत नाही आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांना आधी माहीत असेल तर ते तशी तयारी ठेवतात. गोळी काही दिवस थांबवली तरी हा परिणाम जात नाही, म्हणून सांगणे हाच उपाय आहे.

बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर साधारण चार ते सहा तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन डोळ्यांवर येते. त्यामुळे स्वतः गाडी चालवत जाऊ नये, सोबत कोणाला तरी न्यावे, गॉगल किंवा टोपी घ्यावी, आणि त्या दिवशी बँकेचे किंवा सही करण्याचे काम ठेवू नये. या गैरसोयीपायी अनेक जण ‘थेंब पुढच्या वेळी घालू’ असे म्हणून निघून येतात. माझ्या मते तपासणीचा निम्म्याहून अधिक उपयोग त्या एका वाक्याने वाया जातो.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर अडून बसण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने १९७६ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत नेत्रतपासणी आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. ग्रामीण भागात नेत्रचिकित्सा अधिकारी प्राथमिक तपासणी करून पुढे पाठवतात. मुंबईत सर ज. जी. रुग्णालय, पुण्यात ससून आणि गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय इथे नेत्रविभाग आहेत. गावातल्या शिबिरात तपासणी करून घेण्यास हरकत नाही, पण शस्त्रक्रिया मात्र सुसज्ज रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच करावी.

चौथी पायरी: तपासणीच्या खोलीत काय व्हायला हवे

प्रथम चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय प्रत्येक डोळ्याची नजर नोंदवली जाते. ६/१८ अशी नोंद असेल तर त्याचा अर्थ असा की निरोगी डोळ्याला जी ओळ १८ मीटरवरून वाचता येते, ती या डोळ्याला ६ मीटरवर यावे तेव्हा वाचता येते. हा आकडा स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावा.

त्यानंतर हनुवटी आणि कपाळ टेकवून बसायचे ते यंत्र म्हणजे स्लिट लॅम्प. प्रकाशाची एक बारीक उभी फट डोळ्यावर फिरवत नेत्रतज्ज्ञ पापण्या, बुबुळ (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर), बाहुली आणि भिंग असा एकेक थर मोठा करून पाहतात. मोतीबिंदू भिंगाच्या कोणत्या भागात आहे, डोळा कोरडा आहे का, बुबुळाच्या कडेने मांसाचा वेल वाढतो आहे का, हे सर्व इथे दिसते. मग डोळ्याचा दाब मोजला जातो. हवेचा झोत मारणारे यंत्र पहिल्या चाळणीला ठीक आहे, पण त्यावर दाब जास्त आला, तर थेंबाने डोळा बधिर करून बुबुळाला टेकवण्याच्या यंत्राने तो पुन्हा मोजून घ्यावा. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा ही नेहमीची पातळी मानतात. बुबुळ जाड असेल तर दाब प्रत्यक्षाहून जास्त मोजला जातो आणि पातळ असेल तर कमी, म्हणून संशय असल्यास बुबुळाची जाडीही मोजतात. दाब २१च्या आत आहे म्हणून काचबिंदू नाही असे ठरत नाही. अनेकांना तो नेहमीच्या दाबातही होतो.

शेवटचा आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे थेंबांनी बाहुली मोठी करून पडदा आणि दृष्टीची नस पाहणे. डोळ्याचा कोन, म्हणजे आतले पाणी निचरण्याची कडेची जागा, अरुंद असेल तर बाहुली मोठी केल्याने दाब वाढू शकतो, म्हणून थेंब घालण्यापूर्वी कोन पाहिला जातो. ‘एवढा वेळ कशाला लावतात’ असे त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रतीक्षेत वाटते, पण मधुमेहाचे ठिपके, पडद्याच्या कडेचे छिद्र आणि नसेच्या तोंडाशी पडलेला खड्डा ही तिन्ही याच पायरीवर सापडतात.

निघण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. दोन्ही डोळ्यांचा दाब किती आला? नसेच्या तोंडाच्या मानाने खड्ड्याचे प्रमाण किती आहे आणि दोन्ही डोळ्यांत सारखे आहे का? पडद्यावर काही दिसले का? आणि पुढची तपासणी नेमकी कोणत्या महिन्यात? खड्ड्याचे प्रमाण ०.३ च्या आसपास असणे सर्वसाधारण आहे, ते ०.६ च्या पुढे असेल किंवा दोन डोळ्यांत ०.२ किंवा त्याहून जास्त फरक असेल, तर काचबिंदूच्या पुढच्या चाचण्या कराव्या लागतात. हे आकडे स्वतःकडे असले की डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी पाच वर्षांपूर्वीच्या डोळ्याशी आजच्या डोळ्याची तुलना करता येते, आणि काचबिंदूत तर निदान बहुतेकदा अशा तुलनेतूनच पक्के होते.

मोतीबिंदू निघाला तर

भारतात पन्नाशीपुढच्या लोकांमधील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आजही मोतीबिंदू हेच आहे, आणि शस्त्रक्रियेने पूर्ण बरा होणारा हाच आजार आहे, ही वस्तुस्थिती अस्वस्थ करणारी आहे. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटून डोळ्यांवर येणे, नंबर वारंवार बदलणे, एकाच डोळ्याने दोन दोन प्रतिमा दिसणे ही त्याची लक्षणे. एक लक्षण मात्र फसवे आहे. सत्तरीतल्या आजी अचानक चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवू लागतात आणि घरात सर्वांना त्याचे कौतुक वाटते. प्रत्यक्षात भिंग कडक होत गेल्याने डोळ्याला मायनस नंबर आलेला असतो, म्हणून जवळचे दिसू लागलेले असते. ही सुधारणा नसून वाढत्या मोतीबिंदूची खूण आहे.

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचे, हा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आज निकष एकच: वाचणे, गाडी चालवणे, भाकरी थापणे, जिना उतरणे यांसारख्या रोजच्या कामांत अडचण येऊ लागली का? ती येऊ लागली की शस्त्रक्रिया करावी. फार पिकवलेल्या मोतीबिंदूत भिंगातला द्रव पाझरून डोळ्याचा दाब एकदम वाढू शकतो आणि शस्त्रक्रियाही अवघड होते. मोतीबिंदू विरघळवणारे कोणतेही थेंब नाहीत. तशी जाहिरात दिसली तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचवावेत.

शस्त्रक्रियेपूर्वी पडदा आणि दाब तपासलेला असावा. पडद्याचा किंवा नसेचा आजार सोबत असेल तर मोतीबिंदू काढूनही नजर पूर्ण येणार नाही, हे आधी कळायला हवे. अशा डोळ्यात महागडे मल्टिफोकल (अनेक अंतरांचे) कृत्रिम भिंग बहुधा योग्य ठरत नाही, साधे एका अंतराचे भिंग उत्तम. बसवलेल्या भिंगाचे कार्ड कायम जपून ठेवावे. नंतरचे थेंब साधारण चार ते सहा आठवडे चालतात. डोळा चोळू नये, आणि डोक्यावरून पाणी कधी घ्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत दुखणे वाढत गेले, डोळा लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर रात्रीची वेळ असली तरी रुग्णालय गाठावे, कारण आत जंतुसंसर्ग झाला असेल तर काही तासांच्या उशिरानेही डोळा जातो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर बहुधा भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते आणि ती काही मिनिटांच्या लेसरने मोकळी होते.

काचबिंदू निघाला तर

काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उरलेली नजर आयुष्यभर टिकवणे एवढेच उपचारांचे उद्दिष्ट असते. ही गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट समजून घेतली नाही, तर ‘थेंब घालून काही फरकच पडला नाही’ असे म्हणून रुग्ण तीन महिन्यांत थेंब सोडतो. फरक न पडणे हेच इथे यश आहे.

निदान पक्के करण्यासाठी दृष्टिक्षेत्राची चाचणी करतात. एका पांढऱ्या पोकळ गोलार्धात मधल्या दिव्याकडे पाहत राहायचे आणि कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचे, असे तिचे स्वरूप आहे. काही ठिपके मुद्दामच इतके मंद असतात की निरोगी माणसालाही दिसत नाहीत, त्यामुळे घाबरून जाऊ नये, अंदाजाने बटण दाबू नये आणि नजर मधून हलवू नये. पहिल्या वेळचा अहवाल सरावाअभावी पुष्कळदा भरवशाचा नसतो आणि चाचणी पुन्हा करावी लागते. सोबत ओसीटी नावाच्या स्कॅनने नसेच्या तंतूंची जाडी मोजली जाते.

उपचाराची सुरुवात थेंबांनी किंवा लेसरने होते आणि त्यांनी भागले नाही तर शस्त्रक्रिया करतात. कोन अरुंद असलेल्या प्रकारात बुबुळामागच्या रंगीत पडद्याला लेसरने बारीक छिद्र पाडून दाबाचा अचानक झटका टाळता येतो. दमा असलेल्यांना टिमोलॉल हा थेंब धोकादायक ठरू शकतो, तसेच हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांनाही; म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांना दम्याचे काय सांगायचे, असा संकोच करू नये.

थेंब घालण्याची रीत नीट शिकून घेतली तरच औषधाचा पैसा सार्थकी लागतो. हात धुवावेत, मान मागे टाकावी, एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढून तिची खोबण करावी आणि बाटलीचे टोक पापणीला किंवा केसांना न लावता त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. डोळ्यात एका थेंबाहून जास्त औषध मावत नाही, दुसरा थेंब गालावर ओघळतो. डोळा अलगद मिटावा, उघडझाप करू नये, आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध अश्रुनळीतून घशात आणि रक्तात न जाता डोळ्यातच राहते. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि महिन्याभराने उरलेले औषध टाकून द्यावे. हात थरथरणाऱ्या वृद्धांना झोपवून घरातल्या कोणीतरी थेंब घालावा. बाटल्या एकसारख्या दिसत असतील तर रात्रीच्या बाटलीला रबरबँड गुंडाळून ठेवावा.

घरात एकाला काचबिंदू निघाला की त्याच्या भावंडांना आणि मुलांना त्याच आठवड्यात फोन करून तपासणीला पाठवावे.

मधुमेह आणि पडदा

साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पडद्याच्या केशवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात, त्या फुगतात, पाझरतात आणि काही बंद पडतात. रक्तपुरवठा तुटलेल्या भागाला रक्त पुरवण्यासाठी नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात, आणि त्यांपैकी एखादी फुटली की डोळ्यासमोर काळा जाळीदार पडदा उतरतो. आजार सौम्य असेल तर सहा महिने ते वर्षाने, मध्यम असेल तर तीन ते सहा महिन्यांनी आणि तीव्र असेल तर त्याहूनही लवकर तपासणी करावी लागते. मध्यबिंदूला सूज आल्यास डोळ्यात इंजेक्शने देतात. ती एका मात्रेत संपत नाहीत आणि सुरुवातीला बहुधा महिन्यामहिन्याने घ्यावी लागतात, हे खर्चाचा आणि रजेचा हिशेब करताना लक्षात ठेवावे. पडद्याच्या लेसरने नजर सुधारत नाही, पुढचे मोठे नुकसान टळते. लेसर झाल्यावर रात्री थोडे कमी दिसणे अपेक्षित असते.

डोळ्याचा कोणताही उपचार साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ताब्यात असल्याशिवाय टिकत नाही. डॉक्टरांनी साखरेचे औषध एकदम वाढवले असेल तर त्या काळात पडदा जवळच्या अंतराने तपासून घ्यावा, कारण साखर झपाट्याने उतरताना पडद्याची स्थिती काही काळ बिघडू शकते. त्या कारणाने साखरेचे औषध कमी करू नये, फक्त तपासणी वाढवावी.

मध्यबिंदूची झीज

साठीनंतर पडद्याच्या मध्यबिंदूची झीज होऊ लागली की चेहरे ओळखणे आणि वाचणे अवघड होते. कोरड्या प्रकारात ती सावकाश वाढते आणि मध्यम टप्प्यात ठरावीक जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा उपयोग होतो. ओल्या प्रकारात, म्हणजे नव्या वाहिन्या वाढून पाझरू लागल्या की, इंजेक्शने लवकर सुरू केली तर नजर वाचते. तंबाखू ओढणे सोडणे हा दोन्हींत सर्वांत मोठा स्वतःच्या हातातला उपाय.

मुलांचे डोळे

३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे, फार लहान बाळांचा त्याहूनही आधी. या वयात पडद्याच्या अपक्व वाहिन्यांवर लेसरने उपचार होऊ शकतात, दोन महिन्यांनी पुष्कळदा उशीर झालेला असतो. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, विशेषतः फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी आली, तर तिथे मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोग असू शकतो. हे दाखवायला एक आठवडाही थांबू नये.

तिरळेपणा भाग्याचा असतो, मोठेपणी आपोआप जातो, असे अजूनही वडीलधारे सांगतात. तिरळा किंवा मोठा नंबर असलेला डोळा मेंदू वापरेनासा होतो आणि तो डोळा आळशी बनतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी, हा त्यावरचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी, तीन-चार वर्षांचे असताना, प्रत्येक मुलाची एकदा तपासणी करावी. शाळेत जाणाऱ्या मुलाने रोज सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात घालवले तर मायनस नंबर लागण्याची शक्यता कमी होते.

उन्हाळ्यात डोळे खाजून लाल होणाऱ्या मुलांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणणे पालकांनी कटाक्षाने टाळावे. त्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असते, खाज लगेच थांबते म्हणून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते, आणि काही वर्षांत त्या मुलाला काचबिंदू झालेला असतो.

न थांबता, त्याच दिवशी

काही लक्षणांना वेळापत्रक लागू होत नाही. डोळा लाल होऊन असह्य दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे आणि सोबत डोके दुखून उलट्या होणे, हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. घरात तो पित्त किंवा अर्धशिशी समजून लिंबूपाण्यावर निभावला जातो आणि तेवढ्या तासांत नस मरते. डोळ्यासमोर अचानक पुष्कळ काळे ठिपके तरंगणे, विजेसारखे चमकणे किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटणे म्हणजे पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची शक्यता. न दुखता एका डोळ्याची नजर एकाएकी जाणे हा पक्षाघाताइतकाच तातडीचा प्रसंग आहे, आणि त्यात शक्यतो सर्व सोयी असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे.

शेतीच्या हंगामात उसाची पात, भाताचे कुसळ किंवा मळणीचा कण लागून बुबुळाला जखम होते. वनस्पतीच्या जखमेतून बुरशीचा संसर्ग होतो आणि वेळेत उपचार न मिळाल्यास डोळ्यात फूल पडून नजर कायमची जाते. अशा वेळी जिभेने कुसळ काढून घेणे, दूध, मध किंवा तूप घालणे, घरातला जुना थेंब टाकणे, यांपैकी काहीही करू नये. स्टेरॉइडचा थेंब तर बुरशीला वाढवतो.

तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना चुना उडून लहान मुलाच्या डोळ्यात जाण्याचे प्रसंग आपल्याकडे वरचेवर घडतात. चुना बुबुळाच्या आत झिरपत जातो, म्हणून रुग्णालयाकडे धावण्याआधी डोळा धुणे महत्त्वाचे. मुलाला आडवे करून डोके बाधित डोळ्याच्या बाजूला कलते ठेवावे, दोन्ही पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि स्वच्छ पाण्याची संथ धार किमान पंधरा ते तीस मिनिटे नाकाच्या बाजूकडून बाहेरच्या कोपऱ्याकडे सोडत राहावे. पापणीत अडकलेले चुन्याचे कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने टिपावेत. मूल रडेल, हात झटकेल, तरी धार थांबवू नये. रंग, अॅसिड किंवा स्वच्छतागृहाचे द्रव डोळ्यात गेल्यासही हेच करावे, आणि धुऊन झाल्यावर थेट नेत्रविभागात जाताना त्या पदार्थाची पुडी किंवा बाटली सोबत घ्यावी, म्हणजे डोळ्यात नेमके काय गेले हे डॉक्टरांना लगेच कळते.